दोन दिवस व्हिसलरच्या उतारावर : वाचकांचे प्रश्न

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकूवरपासून साधारण १२० किलोमीटरवर, व्हिसलर माउंटन बाइक पार्क आहे. हिवाळ्यात स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट उन्हाळ्यात सायकली वर नेतात आणि माणसं सायकलवरून खाली येतात. हा उद्योग तिथे १९९९ पासून चालू आहे. त्या बाजूला राहणाऱ्या आणि तिकडे जाऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी पुण्यात वेताळ टेकडीवर नियमित सायकल चालवतो. ऑगस्टमध्ये व्हँकूवरला बहिणीकडे जाणार आहे. माझी १०० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कची हार्डटेल (फक्त पुढे फोर्क दबतो, मागे शॉक नाही अशी सायकल) खोक्यात भरून नेऊ का? दोन दिवस व्हिसलरला जायचं आहे.

नेऊ नका. टेकडीवर ती सायकल उत्तम आहे, पण हे काम तिचं नाही. पार्कची डाउनहिल सायकल पुढे-मागे २०० मिलिमीटरच्या आसपास दबते, तिच्या ब्रेकच्या चकत्या २०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या असतात आणि टायरची भिंत दुहेरी थराची असते. तुमच्या सायकलला बहुधा १६० मिलिमीटरच्या चकत्या आणि एकेरी थराचे हलके टायर असतील. पहिल्याच खडकाळ पट्ट्यात मागचा टायर रिम आणि दगड यांच्यात चेंगरेल आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतील. शिवाय हार्डटेलचा फोर्क जास्त उभा असतो. तीव्र उतारावर पुढचं चाक अंगाखाली आल्यासारखं होतं आणि हँडलवरून पुढे फेकलं जायची भीती वाढते.

सायकल व्हिसलर गावातच भाड्याने घ्या, आणि ऑगस्टच्या शनिवार-रविवारसाठी आधीच राखून ठेवा. ‘माउंटन बाइक’ एवढंच सांगू नका, ‘पार्कसाठी डाउनहिल सायकल’ असं स्पष्ट सांगा. उंची आणि कपडे धरून वजन सांगितलं की दुकानदार शॉकमध्ये हवा किंवा स्प्रिंग तुमच्या वजनाची घालून देतो. फुल-फेस हेल्मेट, गुडघ्याचे-कोपराचे पॅड आणि पाठीचं कवचही तिथेच मिळतं. घरून नेण्यासारखं म्हणजे सपाट, चिकट तळव्याचे बूट, पूर्ण बोटांचे दोन जोड हातमोजे आणि गॉगल. बुटांच्या तळाची माती पुण्यातच खरवडून धुऊन टाका. कॅनडात माती आणायला बंदी आहे आणि विमानतळावर त्याबद्दल विचारतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाड्याच्या सायकलवर पुढचा ब्रेक डाव्या हातात असेल. मोटरसायकलवर तो उजव्या हातात असतो आणि आपला हातही तसाच वळलेला असतो. घाबरल्यावर माणूस सवयीचाच लिव्हर दाबतो. ‘मागचा’ समजून डावा लिव्हर आवळला की पुढचं चाक अडतं आणि स्वार हँडलवरून जातो. दुकानात लिव्हरांची अदलाबदल करून मिळेल का ते विचारा. मिळाली तर उत्तम. नाही तर लिफ्टकडे जाण्याआधी सपाट मैदानात वीस-पंचवीस मिनिटं नुसता ब्रेक लावायचा सराव करा. आधी फक्त उजवा, मग फक्त डावा, मग दोन्ही. ‘डावा म्हणजे पुढचा’ हे पाठ होऊन भागत नाही, ते बोटांना कळावं लागतं.

प्रश्न : आम्ही व्हँकूवरजवळ सरीला राहतो. तिघे मित्र, स्थानिक ट्रेलवर दोन वर्षं सायकल चालवतोय, पण लिफ्टवाल्या पार्कात कधी गेलो नाही. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार, कसं बसवावं?

पार्क साधारणपणे मेच्या मध्यापासून कॅनडाच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत चालतं. सगळे भाग एकदम उघडत नाहीत. खालचा फिट्सिमन्स भाग आधी, वरचा गार्बान्झो नंतर आणि शिखरावरून येणारी ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ वाट बर्फ वितळल्यावर. नवख्यांनी जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये माती पिठासारखी सुटते, वळणांच्या आधी ब्रेकमुळे पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या पडतात आणि त्याच दिवसांत क्रँकवर्क्स हा माउंटन बाइकचा महोत्सव आला तर लिफ्टपाशी जत्रा असते.

शुक्रवारी संध्याकाळी ९९ क्रमांकाच्या महामार्गावर सगळं शहर उत्तरेला निघालेलं असतं. नकाशा दोन तास म्हणाला तरी तीन धरा. त्या रात्री जेवण, झोप आणि फार तर टायरची हवा, एवढंच करा.

शनिवारी लिफ्ट सुरू होताना हजर राहा. पहिली फेरी तिघांनीही ‘ईझी डझ इट’ या हिरव्या वाटेवरून मारायची. “आम्ही निळ्या वाटांचे आहोत” असं म्हणून ती टाळू नका. ही फेरी सायकलसाठी आहे. लिव्हर हाताला येतोय का, साखळी आपटते का, शॉक तळाला टेकतो का, सगळं इथे कळतं. खाली आल्यावर हँडलचे, क्रँकचे आणि मागच्या सांध्यांचे बोल्ट पाना लावून बघा. दुसरी फेरी तीच, थोडी वेगात. तिसरी-चौथी ‘बी-लाइन’वर. ती निळी आहे, वळणांना मातीच्या भिंती आहेत आणि सायकल झुकवायला शिकवणारी तिच्यासारखी वाट नाही. दुपारी ‘क्रँक इट अप’. तीही निळी, पण तिच्यावर एकामागोमाग एक टेबलटॉप आहेत. टेबलटॉप म्हणजे माथा सपाट असलेला उंचवटा. न उडता चाकं जमिनीवर ठेवून पार करता येतो, म्हणून शिकायला बरा.

वाटांच्या पाट्या स्कीसारख्याच असतात. हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा, दोन काळे हिरे. पार्कातली निळी वाट आणि तुमच्या घराजवळची निळी वाट यांत फरक आहे. पार्कात वेग फुकट मिळतो, म्हणून तोच उंचवटा दुप्पट वेगाने अंगावर येतो.

पहिल्या दिवशी आठ-दहा फेऱ्या पुष्कळ झाल्या. फिट्सिमन्स लिफ्ट सुमारे ३४० मीटर वर नेते, म्हणजे दहा फेऱ्यांत तुम्ही ३४०० मीटर उतरलात. पॅडल न मारता हे झालेलं असतं, त्यामुळे पाय ताजे असतात आणि माणूस फसतो. थकलेले असतात हात. तिसऱ्या प्रहरी चालत्या वाटेवर लिव्हरवरून बोट सरळ करायला वेळ लागू लागला, तर तो दिवस तिथेच संपवा. “एक शेवटची फेरी” हा शब्द जाहीर करायचाच नाही. तो जाहीर केला की माणूस त्या फेरीत उरलंसुरलं सगळं साधायला बघतो.

रविवारी पुन्हा हिरव्या वाटेने सुरुवात. हात बरे असतील तर सकाळीच गार्बान्झोला एकदा जा आणि ‘ब्लू वेल्व्हेट’ने उतरा. तिथून गावापर्यंत उतार हजार मीटरच्या आसपास होतो. मध्ये दोनदा वाटेबाहेर थांबून हात झटका. दुपारी एक-दोनला गुंडाळायचं. परतताना गाडी चालवायची आहे हे तिघांपैकी एकाने तरी लक्षात ठेवा.

प्रश्न : दोन-तीन फेऱ्यांनंतर मनगटापासून कोपरापर्यंत हात दगडासारखा होतो, बोटं उघडत नाहीत. व्यायाम कोणता करू?

व्यायाम नंतर बघू, आधी षटकोनी पाना घ्या. हात भरून येण्याचं कारण बहुतेक वेळा सायकलच्या मांडणीत असतं.

लिव्हर मुठीला लागून बसवलेला असेल तर बोट त्याच्या मधोमध पडतं आणि जोर दुप्पट लागतो. क्लॅम्प सैल करून लिव्हर हँडलच्या मध्याकडे दोन-तीन सेंटिमीटर सरकवा. तर्जनीचं पेर लिव्हरच्या टोकाच्या वाकावर आलं पाहिजे. ब्रेक एकाच बोटाने लावायचा, उरलेली तीन मूठ धरायला. मग लिव्हर जवळ आणायचा स्क्रू फिरवा. ब्रेक जिथे पकडतो तिथे बोट अर्धवट वाकलेलं असावं. पूर्ण ताणलेल्या बोटात ताकद नसते, आणि सुरुवातीलाच लांब लिव्हरकडे बोट ताणत राहिलं की हात तिथूनच भरायला लागतो.

पुढे फोर्कचा रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग. तो फार मंद केलेला असेल तर फोर्क एका दणक्यातून वर येण्याआधी दुसरा दणका बसतो. चार-पाच दणक्यांत फोर्क खाली बसतो, कडक होतो, आणि पुढचे सगळे हादरे मनगटात जातात. रिबाउंडची लाल गोटी एक-एक टिकटिक उघडत जा आणि त्याच वळ्यांवरून पुन्हा या. हात हलका वाटला की थांबा. चाक जमिनीवरून उडायला लागलं तर एक टिकटिक मागे.

आणि सायकलस्वार. टाचा खाली दाबा, वजन पॅडलवर द्या, हँडलवर नुसता हात ठेवा. बोरघाट उतरणाऱ्या ट्रकच्या मागे असताना ब्रेकचा जळका वास येतो ना, तो ब्रेक सतत थोडा-थोडा दाबून ठेवल्याचा असतो. सायकलवरही तेच होतं, फक्त इथे चकतीबरोबर हातही तापतो. वळणाआधी सरळ भागात जोरात ब्रेक, वळणात सोडलेला. लावा आणि सोडा. सोडलेल्या त्या दोन सेकंदांत बोटांत रक्त फिरतं.

हे सगळं करूनही फरक पडला नाही तर मग व्यायाम विचारा.

प्रश्न : माझी स्वतःची १७० मिलिमीटर दबणारी एंड्युरो (चढ-उतार दोन्हींसाठीची) सायकल आहे. पार्कात चालेल का? निघण्याआधी काय-काय तपासू? मागच्या वेळी दुसऱ्या एका डोंगरावर ब्रेक अचानक गेला होता.

चालेल. ‘ब्रेक गेला’ म्हणजे नेमकं काय झालं होतं, त्यावर इलाज ठरतो. लिव्हर कडक लागत होता पण सायकल थांबत नव्हती, तर पॅड तापून त्यांची पकड गेली होती. लिव्हर मऊ होऊन मुठीला टेकत होता, तर तेल उकळलं होतं किंवा नळीत हवा होती. दोन्हीत आधी बाजूला थांबून दहा मिनिटं थंड होऊ द्यायचं. गार झाल्यावरही लिव्हर लिबलिबीत असेल तर हवा आहे, ब्लीड केल्याशिवाय, म्हणजे ती हवा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. तापलेल्या चकतीवर पाणी ओतायचं नाही, ती वाकते. बोटही लावू नका, लिफ्टवर सायकल चढवताना कातडी भाजून घेणारे दर शनिवारी असतात.

ब्रेकचं तेल दोन प्रकारचं असतं, डॉट आणि मिनरल. डॉट तेल हवेतली ओल शोषतं आणि ओल वाढली की लवकर उकळतं. तुमच्या ब्रेकमध्ये ते असेल आणि वर्षभर बदललेलं नसेल तर निघण्याआधी बदला. मिनरल तेल ओल शोषत नाही. ही दोन तेलं एकमेकांच्या ब्रेकमध्ये कधीही घालू नका, रबरी सीलं फुगतात आणि आख्खा ब्रेक टाकून द्यावा लागतो.

पॅड धातुमिश्रित घ्या. पाठीची पट्टी धरून जाडी ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर नवे घाला, आणि एक जोडी खिशात ठेवा. नवे पॅड घातले की ते बसवावे लागतात. साधारण २० किलोमीटरच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीस वेळा ब्रेक लावायचा, मग जरा जास्त वेगावरून दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही, नाही तर चकतीवर पॅडचा ठसा उठतो आणि ब्रेक थरथरत राहतो. हे गावातल्या सपाट रस्त्यावर करायचं. लिफ्टवरून उतरून पहिल्या वळणावर नव्हे. साखळीला फवाऱ्याचं वंगण मारत असाल तर ती सवय सोडा. फवारा मागच्या चकतीवर बसतो, पॅड ते पितात आणि मग ब्रेक किंचाळतो पण धरत नाही.

टायर. दुहेरी भिंतीचे घालता आले तर घाला. निदान मागचा तरी. ७५ किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये (आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये) पुढे २३ ते २५ आणि मागे २६ ते २८ पीएसआय इथून सुरुवात करावी. रिम दगडाला लागल्याचा ‘टण्ण’ आवाज आला तर दोन वाढवा. भिंत पातळ असेल तर आणखी दोन वाढवावे लागतील आणि पकड थोडी कमी मिळेल. त्याला इलाज नाही. २९ इंची चाकात सीलंट, म्हणजे टायरची भोकं बुजवणारा द्रव, १०० ते १२० मिलिलिटर. दोन-तीन महिन्यांत ते आत वाळून पापुद्रा होतं. टायर कानाशी हलवून बघा, खळखळ ऐकू आली नाही तर नवं ओता.

शॉकची बैठक, म्हणजे सॅग : नुसत्या तुमच्या वजनाने तो किती दबतो ते. हेल्मेट-पॅडसकट सगळा जामानिमा चढवून मोजायची. भिंतीला कोपर टेकून पॅडलवर उभे राहा, रबरी कडी सीलला लावा, न उसळता खाली उतरा. शॉकचा स्ट्रोक, म्हणजे त्याची दबण्याची पूर्ण लांबी, ६५ मिलिमीटर असेल तर ३० टक्के म्हणजे साडेएकोणीस मिलिमीटरवर कडी यावी. १७० च्या फोर्कला १८ टक्के, साधारण ३० मिलिमीटर. हवा भरताना दर वेळी शॉक दहा-बारा वेळा दाबा, नाही तर आतल्या दोन कप्प्यांचा दाब सारखा होत नाही आणि पंपावरचा आकडा खोटा ठरतो.

सुटे भाग फार नकोत, गावात दुकानं आहेत. पण डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, मात्र घरूनच घेऊन जा. तो बऱ्याच फ्रेमचा वेगळा असतो, तुमचाच नेमका दुकानात असेल याचा भरवसा नाही. त्या छोट्याशा तुकड्यासाठी आख्खा रविवार बाकावर बसून काढावा लागतो.

प्रश्न : आम्ही सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहतो, एच-१बी वर आहोत. अमेरिकन व्हिसा आहे, तेवढ्यावर शनिवार-रविवार व्हिसलरला जाऊन येता येईल?

नाही. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा वेगळा लागतो. ग्रीन कार्ड असतं तर पासपोर्ट आणि कार्ड पुरलं असतं. तो व्हिसा आधी काढा, सहलीची तारीख मग ठरवा. परत येताना अमेरिकन व्हिसाच्या शिक्क्याची मुदतही बघा. रस्ता साडेतीनशे किलोमीटरहून थोडा जास्त, शिवाय सीमेवरची रांग. दोन दिवसांसाठी हे ओढाताणीचं होतं, सोमवारची रजा जोडा.

प्रश्न : विमा खरंच लागतो का?

पुण्याहून येणाऱ्याला लागतोच. ब्रिटिश कोलंबियाची सरकारी आरोग्ययोजना रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांना ती लागू नाही. नव्याने राहायला आलेल्यांनाही सहसा आल्या महिन्याचे उरलेले दिवस अधिक दोन महिने थांबावं लागतं. पॉलिसी घेताना वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. ‘साहसी खेळ’, ‘धोकादायक क्रीडा’ असे शब्द तिथे असतात आणि लिफ्टने चढून सायकलने उतरणं त्यात धरलं जातं. एजंटने तोंडी “चालतं हो” म्हटलं तरी ‘डाउनहिल माउंटन बाइकिंग’ हे शब्द लेखी मागून घ्या. व्हिसलर गावात आरोग्य केंद्र आहे. मोठी दुखापत असेल तर व्हँकूवरला हलवतात, आणि खर्चाचा मोठा भाग तोच असतो.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी ‘ए-लाइन’ करायचीच आहे. एवढ्या लांब जाऊन ती न करता कसं यायचं?

यायचं तसंच. ‘ए-लाइन’ काळ्या हिऱ्याची वाट आहे, यंत्राने घडवलेली, आणि तिच्यावर टेबलटॉपची ओळच आहे. कसोटी साधी. ‘क्रँक इट अप’वरचे सगळे टेबलटॉप सलग दोन फेऱ्यांत, पॅडल न मारता आणि उंचवट्याआधी ब्रेकला हात न लावता पार करून तुमची दोन्ही चाकं पलीकडच्या उतारावर उतरत असतील, तर सकाळी, ताज्या हातांनी, पुढे ओळखीचा माणूस ठेवून एकदा जा. मागचं चाक सपाट माथ्यावर आपटत असेल तर अजून वेळ आहे.

हळू गेलं की सुरक्षित, असं तिथे नेहमी होत नाही. कमी वेगाने उडालेली सायकल उताराऐवजी माथ्याच्या कडेवर पडते आणि स्वाराला पुढे फेकते. शिवाय मागून माणसं वेगाने येत असतात. पुढच्याचा हक्क पहिला हे खरं, पण उडीच्या पलीकडे कोण थांबलंय ते मागच्याला दिसत नाही. तिथे कधीच थांबू नका. पडलात तर आधी स्वतःला, मग सायकलला वाटेबाहेर ओढा.

प्रश्न : सोबत आई आणि पाच वर्षांची मुलगी असेल. त्या दिवसभर काय करतील?

त्यांना गोंडोलाने वर पाठवा. व्हिसलर आणि ब्लॅककोम्ब या दोन डोंगरांना जोडणारी ‘पीक टू पीक’ गोंडोला ४.४ किलोमीटर लांब आहे, २००८ पासून चालते आणि मध्यावर दरीपासून ४३६ मीटर उंच जाते. आईंना उंचीचा त्रास होत असेल तर लॉस्ट लेकची सपाट फेरी बरी. काळी अस्वलं त्या भागात सर्रास फिरतात. डबा उघडा ठेवून उठू नका, गाडीतही खाणं ठेवू नका.

प्रश्न : शनिवारी पावसाचा अंदाज आहे. बेत रद्द करावा?

रिमझिम असेल तर उलट जा. धूळ बसते, माती टायरला धरते, गर्दी घटते. मुळं आणि लाकडी पूल मात्र साबणासारखे होतात. त्यांच्यावर ब्रेक नाही, वळण नाही, सायकल सरळ ठेवून पार व्हायचं. टायरची हवा एखाद-दोन पीएसआय कमी करा. गॉगलला आतून वाफ धरली तर तो काढून साधा पारदर्शक चष्मा लावा, उघड्या डोळ्यांनी उतरू नका. सुक्या हातमोज्यांची दुसरी जोडी पिशवीत ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत बदला, ओल्या मुठीला दुप्पट आवळावं लागतं. संध्याकाळी सायकल धुताना पाण्याचा जोरदार झोत हब आणि शॉकच्या सीलवर धरू नका. मुसळधार असेल आणि वर वीज चमकत असेल तर लिफ्टच थांबवतात. मग गावात गरम काहीतरी प्या.